ट्वेंटी-फाइव ट्वेंटी-वन : काळाने घडवलेली प्रेमकथा आणि शेवटच्या चार भागांतील घसरण

सोनचाफा :

'ट्वेंटी-फाइव ट्वेंटी-वन' या कोरियन मालिकेविषयी बोलणे निघाले की ते हटकून एकाच प्रश्नावर येऊन थांबते : नायिका ना ही-डो आणि नायक बेक यी-जिन यांचे लग्न का झाले नाही? मला हा प्रश्न दुय्यम वाटतो. ताटातूट हा मालिकेचा दोष आहे, असे मी मानत नाही. तरीही शेवटचे चार भाग आधीच्या बारा भागांच्या तोडीचे नाहीत, असे माझे ठाम मत आहे, आणि ते का, हे नीट मांडावे म्हणून हा धागा काढत आहे. पुढे कथानक अगदी शेवटापर्यंत उघड केलेले आहे, त्यामुळे ज्यांना मालिका अजून पाहायची आहे त्यांनी येथेच थांबावे.

टीव्हीएन या वाहिनीवर १२ फेब्रुवारी ते ३ एप्रिल २०२२ या काळात हिचे सोळा भाग प्रसारित झाले. लेखन क्वॉन डो-उन यांचे आणि दिग्दर्शन जंग जी-ह्युन यांचे. आपल्यापर्यंत ती नेटफ्लिक्समुळे पोहोचली.

कथा सुरू होते १९९८ मध्ये. त्याआधी काही महिने, २१ नोव्हेंबर १९९७ रोजी, दक्षिण कोरियाच्या सरकारने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे मदत मागत असल्याचे जाहीर केले होते आणि ३ डिसेंबरला करारावर सह्या झाल्या होत्या. या संकटाची झळ कथेच्या नायिकेला आणि नायकाला पहिल्याच भागात बसते. ही-डोच्या शाळेतला तलवारबाजीचा संघ पैशाअभावी बंद केला जातो. यी-जिनच्या वडिलांचा उद्योग बुडतो, देणेकऱ्यांच्या तगाद्यातून कुटुंब सुटावे म्हणून आईवडील कागदोपत्री घटस्फोट घेतात, आणि कालपर्यंत लाल मोटारीतून फिरणारा हा मुलगा घरोघर वर्तमानपत्रे टाकू लागतो आणि पुस्तके भाड्याने देणाऱ्या दुकानात नोकरी धरतो. शाळकरी प्रेमाच्या कोरियन मालिकांत श्रीमंत घराण्यातला गर्विष्ठ मुलगा आणि गरीब, मानी मुलगी ही जोडी इतकी रुळलेली आहे की तिची सवयच झाली आहे. येथे मुलाची श्रीमंती कथा सुरू होण्यापूर्वीच संपलेली आहे, आणि मुलगी एका नामवंत वृत्तनिवेदिकेची लेक असल्याने तिच्या घरात निदान पैशाची चिंता नाही. त्यामुळे एकाने दुसऱ्याला वर उचलण्याचा प्रश्न उद्भवत नाही आणि दोघेही एकमेकांशी बरोबरीने बोलतात.

दुसऱ्या भागातला एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. वडिलांमुळे ज्यांचे संसार मोडले ते लोक यी-जिनसमोर येऊन उभे राहतात, आणि तो त्यांना वचन देतो की मी यापुढे कधीही सुखी होणार नाही. वीस-बावीस वर्षांच्या मुलाने कर्ज फेडण्यासाठी स्वतःचे सुख गहाण टाकावे, ही कल्पना एखाद्या करुण कादंबरीत शोभली असती. परंतु ही-डो त्याला सहानुभूतीचे चार शब्द ऐकवत बसत नाही. ती त्याच्यापुढे एक व्यवहार मांडते : आपण दोघे बरोबर असू तेवढ्या वेळापुरते, कोणालाही न कळू देता, सुखी व्हायचे. मग दोघे रात्रीच्या वेळी शाळेच्या आवारातले नळ उलटे करून पाण्याची कारंजी उडवतात. पुढच्या दहा भागांतले सगळे नाते या एका करारावर उभे आहे. पुढे यी-जिन धाकट्या भावाला घेऊन पोहांगला निघून जातो, तेथे मासळीबाजारात राबतो आणि ही-डोने पेजरवर ठेवलेले निरोप सार्वजनिक टेलिफोनच्या खोक्यात उभा राहून ऐकतो. त्या निरोपांतही तोच करार चालू असतो. तिला उत्तर मिळत नसते, तरी ती बोलत राहते.

हे बोलणे, मनातले तिथल्या तिथे सांगून टाकणे, हाच ही-डोचा स्वभाव आहे. तिला ज्या भावनेला नाव सापडत नाही तिला ती 'इंद्रधनुष्य' म्हणते, आणि यी-जिन तिला सांगतो की इंद्रधनुष्याची गरज नाही, हे प्रेम आहे. किम टे-री यांनी वयाच्या तिशीनंतर ही शाळकरी मुलगी उभी केली आणि २०२२ च्या बेकसांग पुरस्कारांत दूरचित्रवाणी विभागातील सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळवला, तो सर्वस्वी योग्य होता. त्यांची चाल, पायऱ्या उतरण्याची पद्धत, जेवताना बोलण्याची घाई, हरल्यानंतर चेहऱ्यावर येणारा प्रांजळ राग, यांत कोठेही मोठ्या बाईने लहान होण्याचा खटाटोप दिसत नाही.

आता दोषांकडे वळतो. पहिला दोष कथेच्या चौकटीत आहे. २०२० नंतरच्या काळात ही-डोची मुलगी मिन-चे हिला आईच्या जुन्या रोजनिश्या सापडतात आणि त्यांतून आपल्याला कथा कळते. या मुलीचे आडनाव किम आहे, यी-जिनचे बेक, म्हणजे तिचे वडील यी-जिन नाहीत हे प्रेक्षकाला सुरुवातीलाच कळते, किंवा निदान तशी शंका येते. एवढ्यावर लेखिकेने थांबायला हवे होते. परंतु पुढे प्रत्येक आठवड्यात प्रेक्षकाला आशा आणि धास्ती यांच्यामध्ये झुलवण्यासाठी या चौकटीचा वापर होतो. मिन-चेचा बाप कोण, हे कोडे जिवंत ठेवण्यासाठी प्रौढ ही-डोला आपल्या पतीविषयी एकही सरळ वाक्य बोलू दिले जात नाही. सर्वांत खटकणारी गोष्ट म्हणजे पाचही मित्रमैत्रिणींनी समुद्रकिनारी घालवलेल्या त्या दिवसांविषयी मुलगी विचारते, तेव्हा ही-डो आपल्याला ते आठवत नसल्याचे सांगते. माणसे विसरतात हे खरेच आहे. परंतु येथे तिचे विसरणे तिच्या आयुष्यातून आलेले नसून प्रेक्षकाला धक्का देण्यासाठी वरून आणून ठेवलेले आहे, असे मला वाटते.

दुसरा दोष अधिक गंभीर. ही-डोची तलवारबाजीतली प्रतिस्पर्धी आणि पुढे जिवलग मैत्रीण झालेल्या यू-रिमने रशियाचे नागरिकत्व घेणे, त्या बातमीमुळे यी-जिनला जडलेला अपराधभाव, ११ सप्टेंबर २००१ चा न्यूयॉर्कवरील हल्ला, यी-जिनची तेथे झालेली रवानगी, दोघांमधला दुरावा, भांडण आणि वियोग, हे सगळे शेवटच्या चार भागांत कोंबले आहे. ज्या मालिकेने नळाच्या कारंज्यासाठी दहा मिनिटे दिली, तिने दोन माणसे एकमेकांपासून तुटण्यासाठी तेवढा वेळ दिला नाही. आणि ज्या ही-डोने बारा भाग प्रत्येक गोष्ट तोंडावर सांगितली, ती अचानक गप्प बसून वाट पाहणारी मुलगी होते. हा बदल होऊ शकतो, परंतु तो होताना आपल्याला दिसायला हवा होता.

कृष्णाकाठ :

आपले पहिले म्हणणे मान्य, दुसऱ्याशी मात्र मी असहमत आहे. ही-डोचे गप्प बसणे अचानक आलेले नाही. त्याची तयारी तिच्या आईच्या कथेत झालेली आहे, आणि मला तर आई व मुलीची ही कथा प्रेमकथेहून अधिक बळकट वाटते.

शिन जे-क्योंग ही वृत्तनिवेदिका आहे. नवऱ्याच्या मृत्यूच्या वेळी ती बातम्या सांगत होती आणि त्याच्या अंत्यविधीलाही पोहोचली नाही. तेरा वर्षांच्या ही-डोने वडिलांना एकटीने निरोप दिला. पुढे कितीतरी वर्षे या दोघी एका घरात राहतात, परंतु त्यांच्यामध्ये हा प्रसंग भिंतीसारखा उभा असतो, आणि तो पहिल्यांदा मोकळा होतो तो वडिलांनी केलेल्या मोडक्या खुर्चीच्या निमित्ताने. आई जेव्हा प्रथमच मुलीसमोर रडते तेव्हा तिच्या वागण्याचे समर्थन होत नाही, पण ती आपल्याला समजते. आता यी-जिनचा प्रवास पाहा. तो त्याच वाहिनीत बातमीदार होतो, जे-क्योंगच्या हाताखाली शिकतो, आणि न्यूयॉर्कला गेल्यानंतर अगदी तिच्यासारखाच वागू लागतो : बातमी आधी, घरचे माणूस नंतर. तेथे कायम प्रतिनिधी म्हणून राहण्याचा निर्णयही तो ही-डोला आधी सांगत नाही. लहानपणी जिने एका निवेदिकेची वाट पाहण्यात बालपण घालवले, ती मोठेपणी दुसऱ्या बातमीदाराची वाट पाहत आयुष्य काढणार नाही. तिचे मौन हे तेरा वर्षांच्या मुलीचे मौन आहे. ज्या ठिकाणी ती सर्वांत जास्त दुखावली गेली होती, तेथे तिला शब्द कधीच सुचले नव्हते.

म्हणून वियोग घाईने लिहिला गेला, हे मी मान्य करीन. तो स्वभावाला सोडून आहे, हे मात्र नाही.

पवित्रा :

मी तलवारबाजी खेळलेली आहे, त्यामुळे त्या अंगाने थोडे लिहिते.

ही-डो आणि यू-रिम 'सेबर' हा प्रकार खेळतात. फॉइल आणि एपे या दोन प्रकारांत फक्त टोकाने स्पर्श करायचा असतो, सेबरमध्ये पात्याच्या धारेनेही गुण मिळतो आणि कमरेच्या वरचे सगळे शरीर, डोके आणि हात धरून, लक्ष्य असते. खेळ विलक्षण वेगवान असतो आणि दोघींचे दिवे एकाच वेळी लागणे ही रोजची गोष्ट असते. अशा वेळी आक्रमणाचा हक्क कोणाचा होता, हे पंच ठरवतो. मालिकेतील आशियाई खेळांच्या अंतिम सामन्यात १४-१४ अशा बरोबरीनंतर शेवटचा गुण ही-डोला मिळतो, यू-रिम निर्णयावर आक्षेप घेते आणि सगळा देश ही-डोला सुवर्णपदक चोरणारी ठरवतो. हा प्रसंग सेबरच्या स्वभावातूनच निघालेला आहे. एपेमध्ये असा वाद उभाच राहू शकला नसता, कारण तेथे दोघींचे स्पर्श एकाच वेळी झाले तर दोघींनाही गुण मिळतो. लेखिकेने खेळाची निवड विचारपूर्वक केली आहे, याचा हा उत्तम पुरावा आहे. त्यानंतर यी-जिन विमानतळावर पंचाला गाठून त्याची मुलाखत घेतो आणि ही-डोच्या बाजूने सत्य बाहेर आणतो. प्रेम व्यक्त करण्याची बातमीदाराला साजेशी याहून चांगली रीत मला दुसरी आठवत नाही.

इतिहास मात्र बराच वाकवलेला आहे. मालिकेतील ग्योंगजूचे आशियाई खेळ कल्पित आहेत. त्या काळातले प्रत्यक्ष आशियाई खेळ डिसेंबर १९९८ मध्ये बँकॉकला झाले. महिलांचे सेबर ऑलिंपिकमध्ये आले तेच २००४ साली, अथेन्समध्ये. तलवारबाजीतले कोरियाचे पहिले ऑलिंपिक सुवर्ण किम यंग-हो यांनी २००० साली सिडनीत फॉइलमध्ये मिळवले, आणि महिला सेबरमध्ये त्या देशाला सुवर्ण मिळण्यास २०१२ चे लंडन उजाडावे लागले. त्यामुळे १९९८ मध्ये शाळकरी मुली सेबरमुळे देशभर गाजतात, हे चित्र त्या काळाच्या पुढचे आहे. नाट्यासाठी हे स्वातंत्र्य मला मान्य आहे, कारण सरावाची दृश्ये खोटी नाहीत. पावलांच्या हालचालींचा तो कंटाळवाणा, न संपणारा सराव, मांड्यांत येणारे गोळे आणि मुखवट्याच्या आतला घाम हे सारे ओळखीचे वाटले. सेबरमध्येच भवानी देवी टोकियोला खेळल्या आणि ऑलिंपिकमध्ये उतरलेल्या पहिल्या भारतीय तलवारबाज ठरल्या. त्यानंतर आपल्याकडच्या सराववर्गांत मुली हाच प्रकार मागू लागल्या असतील, तर मला नवल वाटणार नाही.

अबोली :

इतका वेळ एका गोष्टीचा उल्लेख कोणी केला नाही याचे मला आश्चर्य वाटते. मालिका सुरू होते तेव्हा ही-डो अठरा वर्षांची आणि यी-जिन बावीस वर्षांचा असतो. ही वये कोरियन रीतीने मोजलेली आहेत. त्या रीतीत मूल जन्मतःच एक वर्षाचे मानले जाते आणि प्रत्येक नववर्षाला सर्वांचे वय एकाने वाढते. जून २०२३ पासून कोरियाने सरकारी कामकाजात आंतरराष्ट्रीय पद्धत स्वीकारली, परंतु ही कथा त्याच्या फार आधीची आहे. आपल्या हिशेबाने ती कथेच्या आरंभी सोळा किंवा सतरा वर्षांची ठरते, गणवेशात वावरते, आणि तो नोकरी करणारा प्रौढ आहे. पुढे तर तो बातमीदार होतो आणि ती त्याच्या बातमीचा विषय. वयाचे अंतर आणि व्यवसायाचे अंतर या दोन्ही ठिकाणी मालिका आपल्याला हळूच पलीकडे नेते आणि आपण विचारतही नाही. दोघांच्या अभिनयातला गोडवा इतका प्रभावी आहे की हा प्रश्न विचारणारा माणूस रूक्ष ठरावा. मी दोन मुलींची आई आहे, आणि मला तो विचारावासा वाटतो.

सोनचाफा :

अबोलीताई, हा प्रश्न रूक्ष मुळीच नाही. माझ्या मते मालिकेने वयाच्या बाबतीत काही सावधपणा राखला आहे. यी-जिन प्रेमाची कबुली देतो, पण पाऊल पुढे टाकत नाही. १९९९ च्या शेवटच्या रात्री, कोरियन गणनेनुसार ती विशीत पदार्पण करत असताना, पुढाकार तिच्याकडून येतो आणि त्यानंतरही तो काही काळ कचरतो. तरीही हा सावधपणा म्हणजे उत्तर झाले, असे मी म्हणणार नाही. सबंध सोळा भागांत एकाही मोठ्या माणसाने या अंतराविषयी यी-जिनला गंभीरपणे विचारले असते, तर मालिका अधिक प्रामाणिक झाली असती.

व्यवसायाच्या बाबतीत मात्र आपल्याशी थोडा मतभेद आहे. बातमीदाराने खेळाडूच्या फार जवळ जाऊ नये आणि फार दूरही राहू नये, हा धडा त्याला वारंवार दिला जातो, आणि तो मोडण्याची किंमतही त्याला मोजावी लागते. यू-रिम रशियाकडून खेळणार असल्याची बातमी त्याला मैत्रीमुळे कळते आणि नोकरीमुळे द्यावी लागते. त्या बातमीनंतर लोक यू-रिमला देशद्रोही म्हणू लागतात. भिंतीवर तिच्याविरुद्ध लिहिलेला मजकूर यी-जिन एकटा घासून पुसत असतो, ते दृश्य शेवटच्या चार भागांतले मला सर्वांत आवडलेले दृश्य आहे. तेथे मालिका पुन्हा आपल्या मूळ जागी येते : माणसाने काही वाईट केलेले नाही, तरी परिस्थितीने त्याच्या हातून कोणाचे तरी वाईट करवून घेतले आहे.

कृष्णाकाठ, आपल्या आईविषयीच्या मांडणीने मला विचारात पाडले. ही समांतरता मला दिसली होती, परंतु मौनाचा संबंध मी तिच्याशी जोडला नव्हता. तरी एक शंका राहते. लेखिकेच्या मनात हे इतके स्पष्ट असेल, तर ही-डो आणि जे-क्योंग यांच्यात त्या वेळी यावर एकही निर्णायक संवाद का नाही? नवऱ्याने आपली जशी वाट पाहिली तशीच प्रतीक्षा आईने आपल्या मुलीत पाहिली असती, तर केवढा मोठा प्रसंग घडला असता.

सुवनकर :

नोकरीनिमित्त मी काही वर्षे दक्षिण कोरियातील सुवन येथे राहिलो आहे. तेथील चाळिशी-पन्नाशीतल्या सहकाऱ्यांच्या बोलण्यात 'आयएमएफ', म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधी, हा एक कालखंड म्हणूनच येतो. 'आयएमएफच्या आधी', 'आयएमएफच्या वेळी माझे वडील', अशी त्यांच्या वाक्यांची सुरुवात होते. १९९८ च्या आरंभी देशाची परकीय चलनाची गंगाजळी सावरावी म्हणून लोकांनी घरातले सोने सरकारला दिले. सुमारे पस्तीस लाख लोक त्यात सहभागी झाले आणि सुमारे २२७ टन सोने गोळा झाले. लग्नाच्या अंगठ्या आणि बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला मिळालेल्या सोन्याच्या छोट्या अंगठ्या त्यात होत्या. या एकजुटीचे कौतुक जगभर झाले, आणि ते योग्यच होते. परंतु त्याच काळात ज्यांची नोकरी गेली, ज्यांची शाळा सुटली, ज्यांचे वडील देणेकऱ्यांना चुकवत परागंदा झाले, त्यांची कथा या अभिमानाखाली झाकली जाते. यी-जिनचे घर ही ती झाकलेली कथा आहे. मालिका पाहताना माझे सहकारी प्रेमप्रसंगांपेक्षा त्या घराविषयी अधिक बोलत असत.

सोनचाफा यांच्या मुद्द्याला जोडून एक नोंद करतो. कोरियाने नाणेनिधीचे कर्ज मुदतीच्या तीन वर्षे आधी, ऑगस्ट २००१ मध्ये, पूर्ण फेडले. त्याच्या पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कवरील हल्ला झाला, आणि मालिकेत तेथूनच या दोघांचे नाते उतरणीला लागते. देश संकटातून बाहेर पडला त्याच सुमारास त्या संकटाने जोडलेली दोन माणसे वेगळी होतात. लेखिकेने हे जाणून योजले असेल तर तिने ते प्रेक्षकाला दाखवायला हवे होते, कारण मग न्यूयॉर्कचा प्रसंग बाहेरून आणल्यासारखा वाटला नसता. कर्ज फिटल्याची बातमी सांगणारी जे-क्योंग आणि ती ऐकणारा यी-जिन, एवढे एक दृश्य पुरले असते. ज्या मुलाने सुखी न होण्याचे वचन दिले होते, त्याला त्या दिवशी काय वाटले असेल?

आणखी एक माहिती. ज्या बोगद्यात दोघांचे बरेच महत्त्वाचे प्रसंग घडतात, तो जोनजू शहरातला हानब्योक बोगदा आहे. जपानी राजवटीत तेथून रेल्वे जात असे. मालिकेनंतर तेथे छायाचित्रे काढणाऱ्या तरुण मुलामुलींची गर्दी असते.

शमीवृक्ष :

मला यू-रिमविषयी लिहायचे आहे, कारण माझ्या दृष्टीने मालिकेतले सर्वांत पूर्ण पात्र तेच आहे.

त्या काळातल्या संगणकावरील गप्पांच्या सेवेवर ही-डो आणि यू-रिम टोपणनावांनी वर्षानुवर्षे एकमेकींच्या जिवलग मैत्रिणी आहेत, आणि प्रत्यक्षात, ही गोष्ट माहीत नसताना, एकमेकींच्या कट्टर प्रतिस्पर्धी. ही-डो तर यू-रिमची निस्सीम चाहती असते आणि तिच्याबरोबर खेळता यावे म्हणून शाळा बदलते. यू-रिम तिच्याशी सुरुवातीला अतिशय तुसडेपणाने वागते. या तुसडेपणाचे कारण मत्सर एवढेच असते तर पात्र सपाट झाले असते. परंतु यू-रिमला हरणे परवडत नाही. तिच्या आईचे छोटेसे खाद्यपदार्थांचे दुकान आहे, घर तिच्या कमाईकडे डोळे लावून आहे, आणि वडिलांच्या हातून वाहनाचा अपघात होऊन भरपाईचा डोंगर उभा राहतो, तेव्हा ती देश सोडण्याचा निर्णय घेते. कोणीही तिला भाग पाडत नाही. वडील तर विरोधच करतात. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी अत्यंत शांतपणे सांगते की मला पैशाची गरज आहे. हे दृश्य यू-रिमची भूमिका करणाऱ्या बोना यांनी एकही जादा अश्रू न ढाळता केले आहे.

कोरियन प्रेक्षकांना येथे वेगवान स्केटिंगपटू आन ह्युन-सू यांची आठवण झाल्याशिवाय राहिली नसेल. त्यांनी २०११ मध्ये रशियाचे नागरिकत्व घेतले आणि २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये रशियासाठी तीन सुवर्णपदके मिळवली. शिवाय हे भाग प्रसारित झाले ते मार्च २०२२ मध्ये, म्हणजे युक्रेनवर आक्रमण होऊन महिना झाला होता. ही पटकथेची चूक नव्हे, परंतु त्या आठवड्यांत रशियाचे नाव पडद्यावर ऐकताना मन कथेतून बाहेर येत असे.

माद्रिदच्या अंतिम सामन्यात दोन देशांच्या पोशाखांत या दोघी समोरासमोर येतात, मुखवटा घालण्यापूर्वीच दोघींचे डोळे भरून येतात, आणि सामना संपताच त्या एकमेकींच्या मिठीत कोसळतात. मालिकेने या दोघींच्या मैत्रीला प्रेमाइतकाच, किंबहुना काकणभर अधिक, न्याय दिला आहे. सोनचाफा यांनी शेवटच्या चार भागांना सरसकट कमजोर म्हटले, ते या एका कारणासाठी मला पटत नाही. कमजोर आहे तो दोघांच्या वियोगाचा भाग. मैत्रीचा शेवट अतिशय उत्तम आहे.

जी सुंग-वानविषयी कोणी लिहिले नाही म्हणून एक ओळ : शिक्षकाने मारहाण केल्यावर पोलिसांना कळवणारी, माफी मागण्यास नकार देऊन शाळा सोडणारी ही हुशार मुलगी आणि तिला साथ देणारी तिची आई, यांच्यासाठी एक वेगळा धागा निघावा.

कृष्णाकाठ :

शमीवृक्ष यांच्याशी पूर्ण सहमत. सोनचाफा यांनी विचारलेल्या प्रश्नावर मी बराच विचार केला. आई आणि मुलीचा तो संवाद नाही, हे खरेच मोठे न्यून आहे, आणि त्याचे कारण मला चौकटीत सापडते. वर्तमानकाळात ही-डो स्वतः आई आहे, आणि तिची मुलगी नृत्य सोडून आजीकडे निघून आली आहे. लेखिकेने या तीन पिढ्यांचा धागा गाठ मारण्यासाठी वर्तमानात राखून ठेवला आणि मग त्या वर्तमानाला पुरेशी दृश्येच दिली नाहीत. प्रौढ ही-डोच्या भूमिकेतील किम सो-ह्युन यांना प्रश्न टाळण्यापलीकडे फारसे काही करायला मिळाले नाही. तेव्हा आपला पहिला दोष आणि दुसरा दोष हे मुळात एकच आहेत, असे मला आता वाटते.

वाचनखूण :

चर्चा वाचून मालिका पाहण्याची उत्सुकता वाढली आहे, शेवट कळूनही. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे आणि तिच्या वर्गातल्या मुली अशा मालिका पाहतात. तिच्याबरोबर बसून पाहावी का, याविषयी जाणकारांनी कृपया सांगावे.

अबोली :

अवश्य पाहावी, आणि बरोबर बसूनच पाहावी. शारीरिक जवळीक अगदी मर्यादित आहे. वयाच्या अंतराविषयी मी वर जे लिहिले ते तिच्याशी थेट बोलावे. माझ्या थोरल्या मुलीने ही-डोची बाजू इतकी तळमळीने मांडली की आमचे ते बोलणे दोन दिवस चालले होते. मुलींनी हट्टाने, मेहनतीने, घाम गाळून खेळावे आणि हरल्यावर लाजू नये, हे या मालिकेइतक्या आत्मीयतेने दाखवणाऱ्या मालिका थोड्याच आहेत.

सोनचाफा :

वाचनखूण, अबोलीताईंनी सांगितले त्यात एवढीच भर घालतो की सोळाव्या भागात बसथांब्यावरचा निरोप आणि त्यानंतर बोगद्यातला निरोप अशी दोन दृश्ये येतात, ती नीट लक्ष देऊन पाहावीत. बोगद्यात दोघे भांडून वेगळे होतात, नंतर बसपाशी ती त्याच्या बुटाची नाडी बांधते आणि तो तिला मिठी मारतो. वर्षानुवर्षांनी हरवलेली रोजनिशी परत मिळते आणि त्यात यी-जिनने लिहिलेला मजकूर ती वाचते, तेव्हा बोगद्यातला तो प्रसंग पुन्हा दिसतो, या वेळी मात्र दोघे एकमेकांचे आभार मानून निरोप घेतात. हे दुसरे दृश्य प्रत्यक्षात घडलेले नाही, ते ही-डोच्या मनातले आहे. पहिल्यांदा पाहताना अनेकांचा येथे गोंधळ होतो आणि दोघांनी नेमका कसा निरोप घेतला हेच समजेनासे होते.

कृष्णाकाठ, दोन्ही दोष मुळात एकच आहेत हे आपले म्हणणे मला पटले. शमीवृक्ष, मैत्रीच्या शेवटाविषयीचा आपला आक्षेपही मान्य आहे. सुंग-वानवरचा धागा आपणच काढावा, मी तेथे तिच्या आईविषयी लिहीन.